मदत हवी आहे: डेंगीनंतरच्या सीडी8 पेशी एफसीसीपीला दाद देत नाहीत

मंडळी, इंदुरात डेंगीचा ताप उतरून 10 दिवस झालेल्यांच्या सीडी8 पेशी (विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या टी पेशी) सीहॉर्सवर, म्हणजे पेशींचा ऑक्सिजन वापर आणि आम्लता मोजणाऱ्या यंत्रावर, लावतोय. प्लेटच्या दर वेलमागे (खळग्यामागे) 2 लाख पेशी, पॉली-डी-लायसिनच्या चिकट थरावर चिकटवलेल्या. ग्लुकोज 10 मिलिमोलर, पीएच 7.4. ऑलिगोमायसिन (एटीपी बनवणं रोखणारं औषध) 1.5 मायक्रोमोलरला ऑक्सिजनचा वापर नीट उतरतो, पण एफसीसीपी (मायटोकॉन्ड्रियाला कमाल वेगाने ऑक्सिजन वापरायला लावणारं रसायन) 1 मायक्रोमोलर दिल्यावर रेघ जेमतेम मूळ पातळीला टेकते. निरोगी नमुन्यांत दुप्पट चढते. मायटोकॉन्ड्रियाची राखीव क्षमताच (कमाल आणि मूळ ऑक्सिजन वापरातला फरक) घटलीय, की मात्रा चुकतेय? 0.5 ते 2 मायक्रोमोलरपर्यंतची मात्रा रुग्णागणिक तपासायची, तर 8 मिलि रक्तात पेशी पुरत नाहीत.

दुसरी पीडा प्लेटलेटची. सेंट्रिफ्यूजमध्ये 200 जीला (गुरुत्वाच्या 200 पट) 10 मिनिटं, दोनदा धुऊनही त्या पेशींना बिलगलेल्या दिसतात. त्याही ग्लुकोज खाऊन लॅक्टेट सोडतात, म्हणजे आम्लतेचा आकडा फुगणारच! 2 मिलिमोलर ईडीटीएने (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) धुतलं, तर ते काढायला पुढे किती वेळा धुवावं लागतं?