इंट अ‍ॅरेची लिस्ट केली की कंटेन्स फॉल्स का देतं?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा):
मी संध्याकाळी कॉलेजच्या मुलांना जावा ही प्रोग्रामिंग भाषा शिकवते. रोल नंबरांच्या इंट (साध्या पूर्णांकांच्या) अ‍ॅरेमध्ये ४२ आहे, पण अ‍ॅरेज.अ‍ॅजलिस्ट करून तिची लिस्ट केली आणि कंटेन्सला (घटक लिस्टमध्ये आहे का हे सांगणाऱ्या मेथडला) ४२ विचारलं की फॉल्स. कंपायलर चकार शब्द काढत नाही. स्ट्रिंगच्या अ‍ॅरेला हेच नीट चालतं! मुलांना नुसतं ‘असं लिहा’ सांगणं मला पटत नाही, कारण हवंय.

उत्तर:
ताई, जावाच्या जेनेरिक्समध्ये (लिस्टमध्ये कुठल्या प्रकारचे घटक हे ठरवणाऱ्या सोयीत) इंटसारखे प्रिमिटिव्ह, म्हणजे साधे मूळ प्रकार, बसत नाहीत, ऑब्जेक्टच लागतात. अख्खी अ‍ॅरे मात्र ऑब्जेक्ट असते. त्यामुळे लिस्टमध्ये एकच घटक जातो, ती अ‍ॅरे. साइज छापून दाखवा, १ येईल. मुलांना लगेच उमगेल. कंटेन्स कुठलाही ऑब्जेक्ट स्वीकारतं, म्हणून कंपायलर गप्प. इंटऐवजी इंटिजरची (इंटच्या ऑब्जेक्ट रूपाची) अ‍ॅरे घेतलीत तर ट्रू येईल.

उत्तर:
पण एकदाच शोधायचं तर लिस्ट कशाला? ती बनवतानाही सगळी अ‍ॅरे फिरावी लागते, शिवाय प्रत्येक इंट इंटिजरमध्ये गुंडाळायचा. साधं फॉर लूप सापडल्याबरोबर थांबतं. मी तर नवशिक्यांना आधी तेच लिहायला लावतो. २०१४ च्या जावा ८ पासून इंटस्ट्रीमचं एनीमॅच (एखादा तरी घटक अटीत बसतो का ते पाहणारं) आहे, तेही छान.

प्रश्नकर्ती:
साइज १ पाहून वर्गात एकदम कुजबुज झाली, मनापासून आभार! आता एक मुलगी विचारतेय, बायनरीसर्च (दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणं) का नको?

उत्तर:
अ‍ॅरे चढत्या क्रमात असेल तर जरूर वापरा. नसेल तर उत्तराचा भरवसा नाही. पुन्हापुन्हा शोधायचं असेल तर एकदाच हॅशसेट (झटपट शोधता येणारा संच) भरून ठेवा.