दोडामार्ग तालुका: चार माणसांना स्वतःच्या जमिनीवर तगता येईल का?

अनवाणी:
नवऱ्याच्या वाट्याला सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पावणेदोन एकर आली आहे. वर काजूचा माळ, खाली भाताचे कोपरे, म्हणजे छोटी शेतं, कडेने व्हाळ, म्हणजे ओढा. दिवाळीनंतर आम्ही दोघं आणि दोन मुलं कायमची तिकडे जायचं म्हणतोय. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यात चौथ्या मजल्यावर दुधासाठी रांगा लावल्या, तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे: रस्ता, वीज आणि बाजार महिनाभर बंद पडले तर माणूस कुठे तगेल? माझ्या मते महाराष्ट्रात दोडामार्गइतका योग्य तालुका नाही. हिशोब मांडते, चुकला तर खोडा.

पाणी: पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. हजार चौरस फुटांच्या कौलांवरून गळती धरूनही दोन लाख लिटर उतरतं. फेब्रुवारी ते मे माणशी रोज पन्नास लिटर धरले तरी चौघांना चोवीस हजार लिटर पुरतात. तेवढी टाकी बांधायची.

भात: वीस गुंठ्यांत सहा क्विंटल भात, म्हणजे भरडून साधारण चार क्विंटल तांदूळ. रोज किलोभराहून जास्त. वर नाचणी, कुळीथ, फणस, नारळ, आमसुलं. विकत आणायचं ते मीठ, तूरडाळ आणि औषधं.

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर सासरी नऊ दिवस वीज नव्हती. त्या नऊ दिवसांत घरात कुणी उपाशी राहिलं नाही.

तळकोकणी:
ताई, माझं गाव त्याच तालुक्यात आहे. तुमच्या हिशोबात हत्ती कुठे आहे? २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून आले, ते अजून आहेत. केळी, माड, पोफळी एका रात्रीत आडव्या होतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावात हत्तीच्या हल्ल्यात शेतकऱ्याचा जीव गेला. हत्ती नसेल तिथे माकडं आहेत, डुकरं आहेत. माझ्या वडलांनी नाचणी सोडली ती आळसाने नव्हे. रात्री राखण करायला घरात तरुण माणूस उरला नाही म्हणून सोडली.

आणि माकडताप. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार २०१६ मध्ये आमच्याकडे आला. गोचिडीतून पसरतो, आणि जोर धरतो तो नेमका काजूच्या हंगामात, जेव्हा माणूस दिवसभर पाचोळ्यात वाकलेला असतो. ज्या माळावर तुम्ही जळण आणि काजू धरलेत, तिथेच हा धोका आहे.

हे वाचून जमीन शोधायला निघणाऱ्यांसाठी एक गोष्ट: शेतकरी असल्याचा पुरावा नसेल तर १९४८ च्या कूळकायद्यामुळे शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि सातबारा मिळाला तरी त्यावर वीस-वीस नावं असतात.

पाणवठा:
मी दुष्काळी माणदेशातला. माझा आक्षेप वेगळा आहे. वाईट दिवसांची तयारी म्हणजे साठवण, आणि साठवण कोरड्या हवेत होते. आमच्याकडे ज्वारी जमिनीतल्या पेवात वर्षानुवर्षं टिकायची. तुमच्याकडे जूनला डबा उघडा राहिला तर चार दिवसांत बुरशी. वीज म्हणाल तर सौर पाट्यांना जून ते सप्टेंबर ऊन कुठलं? वादळ नेमकं त्याच तोंडावर येतं. हिवरे बाजारने तीनचारशे मिलिमीटर पावसात पाण्याचा जमाखर्च मांडून गाव उभं केलं. कमी पाण्यात जगायची सवय हीच खरी तयारी. भरपूर पाऊस माणसाला गाफील करतो.

अनवाणी:
पेवाचं मान्य. पण कोकणाला साठवण येत नाही हे नाही पटत. भात टरफलासकट कणगीत ठेवायचं, लागेल तसं भरडायचं. चुलीवरच्या माळ्यावर धूर लागला की कीड येत नाही. सासूबाई बियाण्याचं भात अजून गवताच्या मुड्यात बांधतात. सौर पाट्यांबद्दल मात्र तुम्ही बरोबर आहात. पावसाळ्यात दोन दिवे आणि फोन, एवढंच धरायला हवं. हत्तीबद्दल तळकोकणींना उत्तर नाही माझ्याकडे.

बांधावरून:
मी सहा वर्षांपूर्वी मुंबईहून इथे आले, म्हणून लिहिते. तिघांचंही अर्धंच पटतं.

पहिल्या वर्षी मी सगळं मोजलं होतं, माणसं सोडून. लावणीला चिखल तयार, रोपं तयार, पाऊस लागलेला, आणि हात दोन. मजूर मिळेना, कारण तरुण पोरं रोज सकाळी गोव्यात कामाला जातात. शेजारच्या काकी म्हणाल्या, "जमीन मेळतली, पण माणसां खंय मेळतली?" शेवटी त्या काकीच आपल्या तीन सुनांना घेऊन आल्या. त्यांच्या लावणीला मी चार दिवस गेले. तेव्हापासून माणसामागे माणूस असंच चालतं. ज्या घराने पहिल्याच वर्षी तारेचं कुंपण घालून फाटकाला कुलूप लावलं, त्यांचं भात पडून राहिलं. तेही शहरातूनच आले होते.

दुसरी गोष्ट फुरशाची. तिसऱ्या वर्षी पेंढा काढताना माझ्या हाताला चावलं. धान्य, पाणी, सरपण, सगळं भरलेलं होतं घरात. सापाच्या विषावरची लस मात्र घरी ठेवून टोचायची गोष्ट नाही, त्याला डॉक्टरच लागतो. शेजाऱ्याची गाडी आणि रात्रीचा रस्ता, यावर मी वाचले. इथला गंभीर रुग्ण आजही गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात, आणि २०२० च्या मार्चमध्ये हीच हद्द बंद झाली होती. तुमच्या "महिनाभर सगळं बंद" मध्ये हे धरा.

तळकोकणी:
ताई गेल्या तर मला आनंदच आहे. वाडीत पोरांचा आवाज येईल. पण "महाराष्ट्रात असा तालुका नाही" हे वाक्य मागे घ्या. ते वाचून माणसं येतात, जंगल तोडून रबर लावतात आणि मग हत्ती खाली का उतरले म्हणून विचारतात. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोड थांबवायचा आदेश द्यावा लागला, तो उगाच नव्हे.

अनवाणी:
मागे घेतलं. जायचं मात्र ठरलेलं आहे. माळावरचं झाड तोडणार नाही. घराजवळ अळू, सुरण, कणगरं असे कंद लावू, केळी कमी. कुंपणाचा खर्च टाकीकडे वळवते. पहिल्या वर्षी चारातले दोनच कोपरे लावू आणि बाकीचे दिवस इतरांच्या लावणीला जाऊ.

पाणवठा:
तुमचा व्हाळ मे अखेर वाहतो का, हे कुठेच लिहिलं नाहीत. जांभ्या दगडात पाणी ठरत नाही असं तिकडचेच लोक सांगतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात वीस लिटरची बादली धारेखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. तो आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.