'एनए जागा' म्हणजे नेमकं काय?

टिळकवाडी: जागा बघायला लागल्यापासून एकच ऐकतोय, "एनए हाय ओ, बिनधास्त घ्या". एनए म्हणजे बिनशेती एवढं कळतं, पण मग काही एनए प्लॉटांना बँक कर्ज देत नाही, ते कसं काय?

अनगोळ: एनए हा मुंबई इलाख्यातला शब्द, १८७९ च्या जमीन महसूल कायद्यापासूनचा. १९५६ ला आपण बेळगाववाले म्हैसूर राज्यात गेलो, आता कर्नाटकाचा १९६४ चा कायदा, त्यातलं कलम ९५. कचेरीत 'कन्व्हर्शन' नाहीतर 'भूपरिवर्तने' म्हणतात, आपल्या तोंडातलं एनए काय सुटलं नाही. पण ती फक्त शेतीचा वापर बदलायची परवानगी. प्लॉट पाडायला रस्ते, बाग वगैरेची जागा सोडून लेआऊट मंजूर करून घ्यायचा, शहराच्या हद्दीत ते काम 'बुडा'चं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं, आणि घर बांधायचा परवाना परत वेगळा. एजंट लोक तिन्हीला मिळून एनए म्हणतात आणि तिथंच माणूस फसतंय, बँकेचं कर्जपण तिथंच अडतं.

वडगाव: आणि गुंठेवारी विसरलात की ओ! एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा हिस्सा, शेतातच दोरी लावून पाडलेले तुकडे. बेंगळूरकडं 'रेव्हेन्यू साईट' म्हणतात ते हेच. लोक हौसेनं घेत नाहीत हे, मास्टर प्लॅनमध्ये, म्हणजे कुठं घरं नि कुठं शेती ते ठरवणाऱ्या शहराच्या आराखड्यात, जमीन शेती झोनला असली की कन्व्हर्शन अडतं, मंजूर लेआऊटमधली साईट आधीच थोडी आणि रस्ता-बागेला गेलेल्या जागेचे पैसेपण तिच्याच दरात बसतात, मग रोजगारवाला माणूस गुंठा घेणार नाहीतर काय करणार.

टिळकवाडी: म्हणजे झोननंच जागा महाग केली म्हणा की.

अनगोळ: एकटा झोन नव्हे ओ, पण मोठा हात त्याचाच. तरी झोन अजिबात नको म्हणणारे मला पटत नाहीत, नाल्याच्या काठावरची घरं पावसाळ्यात जाऊन बघा एकदा.

निपाणी: अजून एक घोळ. कोल्हापूरचा बिल्डर 'एफएसआय' म्हणतो, इकडच्या नकाशावर 'एफएआर' लिहिलेलं असतं, दोन्ही एकच, प्लॉटाच्या किती पट बांधता येतं ते. समजा दीड मिळाला तर एका गुंठ्यात सोळाशे चौरस फुटांच्या आसपास, पण चारी बाजूंनी जागा सोडून तेवढं बसतंय कुठं? म्हणून तर मजले चढतात.

वडगाव: टिळकवाडीकर, कन्व्हर्शनची ऑर्डर आणि लेआऊटचा मंजूर नकाशा दोन्ही मागा, नुसता उतारा दाखवला तर उठून या.