विजय चौधरी खान्देशचा की पुण्याच्या तालमीचा?

तापीकाठ:
चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. तिसऱ्या वेळी समोर अभिजित कटके होता. नंतर पोलीस उपअधीक्षक. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक फ्लेक्सवर 'खान्देशचा सुपुत्र'. जन्म आपल्याकडचा, मान्य. पण पैलवान तयार झाला पुण्यात. त्यात आपण काय दिलं, ते कुणी सांगेल का?

केळीवाला रावेर:
काय भो, कुस्तीच्या दंगली दिल्या की! आपल्याकडचं पोर पहिली कुस्ती पुण्यात धरतं का? गावच्या यात्रेत धरतं, नारळाच्या इनामावर. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत ब्राँझ जिंकले. शिकले कोल्हापुरात, म्हणून कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरने हक्क सोडला?

तापीकाठ:
कऱ्हाडहून कोल्हापूर दोन तासांवर. चाळीसगावहून पुण्याला रात्रभराची गाडी, वर खोलीभाडं आणि खुराक. हा खर्च आईबाप करतात, फ्लेक्सवाले नाही.
आणि दंगलीचं कौतुक मलाही आहे, पण तिथे लाल माती, चितपट नाहीतर अर्ध्या तासाने बरोबरीत सोडवलेली जोड. बाहेर मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशोब. मातीतला पोर तिथे पहिल्या मिनिटातच गुण देऊन बसतो.

मोसमकाठ:
नौकानयनवाला दत्तू भोकनळ आपल्यात धरायचा का? (आमचं मालेगाव-बागलाणही जुन्या खान्देशातलंच, हे जळगाववाले सोयीने विसरतात.)

केळीवाला रावेर:
त्याचं गाव तळेगाव रोही, चांदवड तालुक्यातलं. नाशिकवाल्यांचा माल नाशिकवाल्यांना ठेवू द्या.

मोसमकाठ:
बरं, राहू द्या. पण तापीकाठ यांच्या न्यायाने तो चांदवडचाही नाही. विहिरी खोदणारा पोरगा, वल्हं हातात आलं ते सैन्यात गेल्यावर. 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तेरावा, 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. गावात प्यायला पाणी नव्हतं! आपल्याकडे तापीवर हतनूर धरण आहे, प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज आहेत. होडी कुठंय?

तोरणमाळची वाट:
सगळे कुस्तीतच अडकलेत. कविता राऊतने 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ घेतलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. ती सावरपाड्याची, आदिवासी पाड्यावरची. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पोरीही रोज तसाच डोंगर चढतात-उतरतात. फरक एवढाच की तिला नाशिकला विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक भेटले. आमच्याकडे आश्रमशाळेतली चांगली पळणारी पोरगी तालुका, जिल्हा, विभाग करत जाते आणि दहावी झाली की लग्न, नाहीतर ऊसतोडीला. चौधरी कुणाचा, हा वाद तुम्ही निवांत घाला.

केळीवाला रावेर:
हे मात्र खरंय. पण म्हणून दंगलीला नावं ठेवू नका. तिथे गर्दी येते, वर्गणी जमते. बाहेरच्या नामांकित जोडीला एका दुपारी जेवढं इनाम देतो, त्यातून गावाला मॅट येईल. यंदा आखाजीआधी (अक्षय्य तृतीयेआधी) यात्रेच्या कमिटीपुढे मांडतो.

तापीकाठ:
मांडा, माझी वर्गणी धरा. पण मॅट टाकणार कुठे? समाजमंदिरात तर लग्नसराईभर पंगती.

केळीवाला रावेर:
पत्र्याचं शेड आहे ना ग्रामपंचायतीचं, खताची पोती हलवली की झालं.

तोरणमाळची वाट:
आणि पोरींना येऊ देणार का त्या शेडात?