फरसबी व्हिनेगरमध्ये घालून वर्षभर टिकवायची आहे

प्रश्न: म्हापशाच्या बाजारातून कोवळी फरसबी आणली आहे. माडाचं व्हिनेगर चालेल का? आणि नुसत्या मिठाच्या पाण्यातली फरसबी बाटलीत उकळून ठेवली तर?

उत्तर १: दुसरं अजिबात नको. फरसबीत आम्ल फार कमी. बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूचे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात मरत नाहीत, आणि बंद बाटलीत हवा नसल्यामुळे तिथेच ते विष तयार करतात. त्याला वास-रंग असेलच असं नाही. त्यासाठी दाबमापक असलेला प्रेशर कॅनर (बंद बरण्या दाबाखाली १०० अंशांच्या वर तापवणारं भांडं) लागतो. घरचा शिट्टीचा कुकर त्या कामाचा नाही.

लोणच्याचं प्रमाण: ९०० ग्रॅम फरसबी, ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर अर्धा लिटर, पाणी अर्धा लिटर, मीठ ७० ग्रॅम. शेंगा १० सेंमीच्या कापून उभ्या भरा. लसूण, सुकी मिरची, मोहरी घाला. उकळतं पाणी-व्हिनेगर ओता, वर सव्वा सेंमी जागा सोडा, बुडबुडे काढा. अर्धा लिटरच्या बरण्या पूर्ण बुडवून १० मिनिटं उकळा.

उत्तर २: माडाच्या व्हिनेगरची आम्लता बाटलीगणिक बदलते, म्हणून ते फ्रिजमधल्या लोणच्यालाच वापरा. चव मात्र त्याचीच! दुकानातलं पांढरंही अनेकदा ४ टक्क्यांचं असतं, लेबल वाचा. पाणी वाढवू नका.

उत्तर ३: आयोडीनवालं बारीक मीठ नको, त्यातल्या गुठळीरोधकाने पाणी गढूळ होतं. लसूण निळसर झाली तर घाबरू नका, ते आम्लामुळे. झाकण फुगलं तर मात्र चाखूनही बघू नका.