धारूर तालुका: रोजगाराचे आणि मृत्यूच्या कारणांचे गावनिहाय आकडे कुठे मिळतील?

शिवारनोंद
धारूर तालुक्यातल्या (जि. बीड) काही ऊसतोड गावांचा आराखडा करायचा आहे. किती माणसांना वर्षभर काम आहे आणि माणसं कशाने दगावतात, हे दोन्ही हवं आहे. ग्रामपंचायतीतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतंच. जनगणना २०११ ची. सुरुवात कुठून करू?

बालाघाट
आधी रोजगाराचं सांगतो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन गाळप हंगामात. त्या संपूर्ण काळात जो घराबाहेर, त्याची मोजणी तो सापडेल तिथे, असा नियम. म्हणजे ऊसतोडीच्या टोळीत गेलेली माणसं कारखान्याच्या हद्दीत मोजली जाणार, गावात नाही. त्यामुळे तुमच्या गावांची लोकसंख्याच मुळात कमी दिसू शकते. पुढची गणनाही फेब्रुवारी २०२७ मध्येच ठरली आहे.

‘मुख्य काम करणारे’ या रकान्यावरही विसंबू नका. १८३ दिवस भरले की माणूस मुख्य. पाच महिने ऊस आणि वर थोडं खरीप, झाले दिवस पूर्ण. श्रमबल सर्वेक्षणात (पीएलएफएस) तर आठवड्यात एक तास काम केलं तरी चालू साप्ताहिक स्थितीनुसार माणूस ‘रोजगारात’ धरला जातो, आणि त्यातून गावाचा आकडा निघत नाही. रोजगार हमीचे मनुष्यदिवस म्हणजे माणसं नव्हेत, हेही ध्यानात ठेवा.

स्वतःच घरोघर फिरा, पण टोळ्या परतल्यावर, पाऊस पडायच्या आत. प्रत्येक प्रौढापुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा आणि महिन्यागणिक विचारा: स्वतःचं शेत, गावातली मजुरी, ऊस, रोहयो, शहर की रिकामं. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या यादीवरून मोजणार असाल तर ती कोयत्यांची असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, पण उचल (आगाऊ रक्कम) बहुधा नवऱ्याच्या नावावर. बाईचं काम तिथेच गळतं.

नोंद_निबंधक
मृत्यूचं कारण दाखल्यावर येऊच शकत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार उताऱ्यात ते उघड करता येत नाही. ते असतं नमुना २ च्या (मृत्यू नोंदवताना भरायच्या अर्जाच्या) सांख्यिकी भागात, आणि तो भाग पुढे जिल्ह्याकडे जातो. त्या भागात राहण्याचं गाव, व्यवसाय, वैद्यकीय उपचार कोणते मिळाले, तंबाखू-दारूची सवय हेही असतं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे नावं वगळून गावनिहाय तक्ता मागा.

मिळालं तरी कारणाच्या दर्जाकडे बघा. देशात २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले फक्त २२.५ टक्के. घरी मृत्यू झाला तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरने नमुना ४अ, म्हणजे कारणाचं प्रमाणपत्र, भरायचा. तो नसेल तर घरचे सांगतील तेच कारण. ‘हृदय बंद पडले’ हे कारणच नव्हे, ते सगळ्यांचंच पडतं. प्रमाणपत्रात भाग १ ची सर्वात खालची भरलेली ओळ, म्हणजे मूळ आजार, तीच मोजायची.

आणि अडीच हजार वस्तीच्या गावात हजारी सहा दराने वर्षाला पंधराच मृत्यू. एका वर्षाची टक्केवारी काढू नका. पाच वर्षं एकत्र करा.

शिवारनोंद
ऊसतोडीच्या फडावर माणूस दगावला तर नोंद कुठे?

नोंद_निबंधक
जिथे मृत्यू, तिथे नोंद. सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात गेलेला तिथल्याच वहीत. संभाजीनगरच्या घाटी (सरकारी) रुग्णालयात दगावलेला महापालिकेच्या आकड्यात. म्हणून तक्ता मागताना ‘मृत्यूच्या ठिकाणानुसार’ नको, ‘मयताच्या रहिवासानुसार’ असं अर्जात स्पष्ट लिहा. राज्याबाहेरचे मृत्यू तरीही सुटतील. ते घरोघरच्या फेरीतच विचारा: मागच्या पाच वर्षांत कोण गेलं, कोणत्या महिन्यात, कुठे.

बालाघाट
सर्पदंश, विषबाधा, वीज पडणे यासाठी पोलीस ठाण्याची अकस्मात मृत्यूची नोंद जुळवून घ्या. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर शवविच्छेदन अहवालात मत प्रलंबित असतं, आणि न्यायवैद्यक अहवाल आल्यावर नमुना २ मधली नोंद सुधारली जाईलच असं नाही.

शेतकरी आत्महत्येचे दोन आकडे दिसतील: एकूण घटना आणि मदतीस पात्र. पात्रतेला कुटुंबाच्या नावे जमीन आणि बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज लागतं. भूमिहीन ऊसतोड मजूर त्यात बसतच नाही. त्यामुळे ‘पात्र’ हा आकडा मृत्यूंचा म्हणून कधीच वापरू नका. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) अहवालात २०१४ पासून शेतमजूर वेगळे मोजले जातात, पण तालुका तिथे मिळत नाही. मजुरांसाठी पोलीस ठाण्याची वहीच लागेल.