सेवाग्राम-पवनार एका दिवसात : ४२ पोरं, एक बस. क्रम कसा लावावा?

गावशाळा_आर्वी
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातली जिल्हा परिषद शाळा. सातवी-आठवीची ४२ मुलं, ४ शिक्षक, एक बस. डिसेंबरात जायचं आहे. गीताई मंदिर, सेवाग्राम आश्रम, मगन संग्रहालय आणि पवनार डोक्यात आहे. सकाळी ६ ला निघून रात्री ७ च्या आत गावात पाहिजे.

अडचण अशी की पोरं स्वतः मातीच्या घरात राहतात. बापू कुटी पाहून "हे तर आमच्यासारखंच" म्हणतील आणि पाच मिनिटांत बाहेर. तिथं नेमकं काय दाखवायचं?

शिवाय ग्रामपंचायतीकडे एक जुनं कवेलूचं (कौलारू) मातीचं घर रिकामं पडलं आहे. त्यात गावची जुनी अवजारं मांडायचा विचार चालू आहे. त्या दृष्टीनंही सेवाग्रामात काय टिपून आणावं ते सांगा.

धामकाठ
सर, क्रम उन्हावर लावा, अंतरावर नको. सगळं वर्ध्याच्या आसपासच आहे.

गीताई मंदिर आधी. गोपुरीला, म्हणजे तुमच्या वाटेतच. १९८० चं आहे. छत नाही, मूर्ती नाही, नुसत्या उभ्या शिळांवर गीताईचे, म्हणजे विनोबांनी मराठीत आणलेल्या गीतेचे, अठरा अध्याय कोरलेले. ऊन चढलं की शिळा तापतात आणि अक्षरं डोळ्यावर येतात. सकाळचं तिरपं ऊन असलं की कोरलेल्या अक्षरात सावली भरते, तेव्हा वाचता येतं. पाऊण तास पुरे. प्रत्येक पोराला एक अध्याय वाटून द्या, आपापला शोधू द्या. नाहीतर नुसती पळापळ होते.

मग सेवाग्राम, तीन तास. जेवण तिथंच उरका. भर दुपारी मगन संग्रहालय, कारण ते छताखाली आहे. साडेतीनला पवनार, पाचला परत. चारही ठिकाणच्या वेळा आणि सुटीचा वार आठवडाभर आधी फोनवर विचारून ठेवा. नेटवर दिलेल्या वेळा जुन्या असतात.

कोणी रेल्वेनं येणार असेल तर एक ध्यानात ठेवा. सेवाग्राम नावाचं स्टेशन म्हणजे पूर्वीचं वर्धा ईस्ट, आश्रमापासून सहाएक किलोमीटर. तिथं उतरून "आश्रम कुठं?" विचारणारे रोज दिसतात.

कवेलू_आणि_कुटार
सेवाग्रामचं मी सांगतो.

पहिली गोष्ट, ४२ पोरं एकदम कुटीत घालू नका. जागा लहान. मागच्यांना फक्त पुढच्याची पाठ दिसते. दहा-अकराचे चार गट करा, गटाला एक शिक्षक. एक आदी निवासात, एक बा कुटीत, एक बापू कुटीत, एक आखरी निवासाकडे. वीस मिनिटांनी फेरा बदला. दुसरं, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि अंगणात बारीक गिट्टी आहे. ११ नंतर तळवे भाजतात. मोजे घालून आणा.

आता काय दाखवायचं. गांधीजी १९३६ च्या एप्रिलात इथं आले तेव्हा गावाचं नाव शेगाव. टपाल बुलडाण्याच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम केलं. आदी निवास हे पहिलं घर. सगळे त्यात एकत्र राहत. तुकडोजी महाराजही तिथं राहून गेले. हे सांगितलं की आपल्याकडची पोरं कान टवकारतात. बापू कुटी मुळात गांधीजींची शिष्या मीराबेनची. भिंतीवर तिनं मातीतच उठावाची चित्रं केली आहेत : ताडाची झाडं, चरखा, ॐ. रंग नाही, तोच मातीचा रंग. समोर उभं राहिलं तर दिसत नाहीत. भिंतीला खेटून, दाराच्या उजेडाकडं तोंड करून बाजूनं पाहायला सांगा. आपल्या घरी आजी कोनाड्याभोवती बोटानं नक्षी काढते, तेच काम. पोरांना घरी गेल्यावर तसली नक्षी शोधून वहीत उतरवायला लावा.

व्हाइसरॉय लिनलिथगोनं बसवून दिलेला टेलिफोन आणि साप धरायचा लाकडी चिमटा-पिंजरा, या दोन वस्तू चुकवू नका. दिल्लीशी बोलायची तार आणि शिवारातला साप एकाच अंगणात. त्यावर अर्धा तास बोलता येतं. परचुरे कुटीत परचुरे शास्त्री राहत. त्यांना कुष्ठरोग होता आणि गांधीजी स्वतः त्यांची सेवा करत. इथं गडबड करू देऊ नका.

आतले फोटो काढण्याआधी विचारा. फ्लॅश तर नकोच.

सूतकताई
मगन संग्रहालयाचं थोडं. १९३८ च्या ३० डिसेंबरला गांधीजींनी उद्घाटन केलं, आपले पुतणे मगनलाल गांधी यांच्या नावानं. खादी आणि ग्रामोद्योगाचं संग्रहालय आहे. चरख्यांचे प्रकार पाहताना पोरं कंटाळतात, कारण चरखा बंद असतो. म्हणून आधी विचारून ठेवा, कोणी चालवून दाखवेल का. तुमच्या पोरांना कापूस वेचणीपासून जिनिंगपर्यंत माहीत आहे, पुढचं नाही. तेव्हा उलटा क्रम लावा : सूत, पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी), पिंजलेला कापूस, मग सरकी.

शाळेतून ४-५ टकळ्या (सूत कातायच्या हातचात्या) आणि पेळू नेले तर जेवणानंतर सावलीत हात मारता येईल. धागा दोन कारणांनी बिघडतो. हात भरभर मागं ओढला तर पीळ कमी पडतो आणि धागा विरून सुटतो. फिरवत राहिलो आणि ओढलंच नाही तर पीळ जास्त होऊन गाठी वळतात. दुसरं जास्त घडतं, कारण पोरांना टकळी फिरवण्यात मजा वाटते. पेळू दाबून धरला तरी धागा तुटतो. चिमटीत हलका धरायचा.

धामकाठ
पवनारचं राहिलंच. विनोबा १९३८ मध्ये धाम नदीकाठी जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. तिथं खोदताना जुनी शिल्पं निघाली. ती वाकाटकांच्या काळची, म्हणजे पाचव्या शतकातली. इतिहास संशोधक वि. वा. मिराशींनी पवनार म्हणजे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर, असं मांडलं. पुढं १९५९ मध्ये विनोबांनी तिथंच ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. साधना करणाऱ्या बहिणी तिथं राहतात, शेती करतात. त्यांचं ते घर आहे, संग्रहालय नाही. हे पोरांना बसमध्येच सांगून ठेवा. आवाज कमी.

शिल्पांत भरत-राम भेट आणि वाली-सुग्रीवाची झुंज, ही दोन तरी ओळखायला लावा. चेहरे झिजले आहेत, म्हणून चेहरा पाहू नका, हात आणि गुडघे पहा. कोण वाकला आहे, कोण अंगावर चाललं आहे, त्यावरून गोष्ट कळते. उतरत्या उन्हात उठाव चांगला दिसतो, म्हणून तर पवनार शेवटी. हात लावू देऊ नका, घामानं दगडाला काळं पुट बसतं.

नदीतल्या खडकांवर शेवाळ असतं. पोरं उतरणारच, तेव्हा एक शिक्षक आधीच पाण्याकडं तोंड करून उभा ठेवा.

गावशाळा_आर्वी
खूपच कामाचं, मंडळी. गट आणि मोजे, दोन्ही डोक्यात नव्हतं. आता कवेलूच्या घराचं. सरपंच म्हणतात खालच्या तीन फुटाला सिमेंटचा गिलावा मारू, पोपडे निघतात म्हणून.

कवेलू_आणि_कुटार
नका मारू जी. जमिनीतली ओल मातीच्या भिंतीत वर चढते आणि पृष्ठभागातून वाळून जाते. सिमेंट लावलं की तिला वाट राहत नाही. आतली माती भुसभुशीत होते आणि दोन-तीन पावसाळ्यात गिलावा पापडासारखा सुटतो, सोबत भिंतीची सालही घेऊन. बोटानं ठोका, पोकळ वाजलं की समजा सुटलं.

आधी पोपडे का निघतात ते पहा. बहुतेक वेळा कवेलूचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडून चिखल उडतो. वळचण भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर आहे का मोजा. अंगणाचा उतार भिंतीकडून बाहेर हवा. सेवाग्रामात हेच टिपा : वळचण किती पुढं, ओटा किती उंच, पाणी कुठं पडतं. टेप घेऊन जा.

गिलाव्याला काळी माती नको. ओली झाली की फुगते, वाळली की चिरते. जुन्या गावठाणातली पांढरी घ्या. चाळलेली माती तीन घमेली, गव्हांडा (गव्हाचा भुसा) किंवा बारीक कुटार एक घमेलं. सात-आठ दिवस भिजवून रोज तुडवायचं, शेवटच्या हाताला शेण. लावण्याआधी भिंतीवर तळहाताएवढा तुकडा लावून तीन दिवस वाळू द्या. तडे गेले तर कुटार वाढवा. बोटानं भुकटी निघाली तर माती कमजोर, दुसऱ्या जागची पहा.

कवेलू मृगाच्या आधी फेरून (उतरवून पुन्हा नीट बसवून) घ्या. फुटलेली बदलायला शंभरेक जादा जमवून ठेवा, कारण गावात घरं पडतात तशी जुनी कवेलू मिळतात, नंतर मिळत नाहीत. वानरांचा फेरा असेल तर कौलाजवळची झाडाची फांदी आधी तोडा.

सूतकताई
आणि अवजारं मांडाल तेव्हा लाकडी वस्तू भिंतीला टेकवू नका. तिफण, डवरं, बंडीचं चाक, सगळं विटेवर. भिंतीपासून वीतभर जागा सोडा, उधई (वाळवी) मागून चढते ती दिसली पाहिजे.